आमच्या साडूंचं भागतंय

उद्या सकाळी सूर्य पश्चिमेकडून उगवला, तर सगळं लातूर रस्त्यावर येऊन बोंब मारील, एकच माणूस तेवढा आपली खाट उचलून घराच्या दुसऱ्या बाजूला टाकील, चहाचा घोट घेईल आणि म्हणेल, "भागतंय की!" हा माणूस म्हणजे आमचे साडू. देवानं माणसाला दोन हात दिले ते समोर येईल त्या संकटाशी हातमिळवणी करायला, अशी त्यांची मनापासूनची समजूत आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो आणि यांना अण्णा. मी नांदेडला शाळेत भूगोल शिकवतो, अण्णा लातूरला एका सरकारी कचेरीत कारकून आहेत, आणि पृथ्वी गोल असल्याचा एकही पुरावा न मागता तिच्यावर निमूट राहणारा इतका समाधानी प्राणी मी दुसरा पाहिलेला नाही. त्यांच्या कचेरीत मध्यंतरी सगळ्यांना नव्या फिरत्या खुर्च्या आल्या. अण्णांची जुनी खुर्ची तीन पायांची, चौथ्या पायाच्या जागी वीट. त्यांनी ती सोडली नाही. म्हणाले, "फिरती खुर्ची घेऊन काय करू? आपल्याला कुठं फिरायचंय?" पुढं बढती आली, पण बढतीवर उदगीरला जावं लागणार होतं. अण्णांनी बढतीच नाकारली. विटेवर बस्तान बसलं होतं ना!

त्यांच्या घरी पहिल्यांदा मुक्कामाला जाणाऱ्यानं आधी शिकवणी लावावी, आणि लातुरात शिकवण्यांना काही तोटा नाही. बैठकीतल्या पंख्याला बटण आहे, पण ते शोभेचं. बटण दाबायचं, मग कोपऱ्यात उभी असलेली तुराटी उचलायची आणि पंख्याच्या एका पात्याला मागच्या बाजूनं हलकेच ढोसायचं. पुढून ढोसलं तर पंखा रुसतो. न्हाणीघराचं दार डाव्या पायानं उचलून उजव्या खांद्यानं लोटावं लागतं. हे न जमल्यामुळं माझा एक मेव्हणा ऐन लग्नघाईत अर्धा तास आत अडकून पडला होता. फाटकाला कडी नाही, जुन्या लुगड्याचा काठ आहे. भिंतीवरचं घड्याळ मागं चालतं. पण रोज तितकंच मागं असतं, मग त्याला चुकीचं कसं म्हणायचं, असा अण्णांचा सवाल. मी एकदा चिडून म्हणालो, "अहो अण्णा, एक वायरमन बोलवा, एक सुतार बोलवा. एका दुपारचं काम आहे." तर माझ्याकडं दयेनं पाहत म्हणाले, "सर, तुमी नांदेडचे लोक लई तापट. काठी हाय की हाताशी."

घराबाहेरही तेच. हॉटेलात मसाला डोसा सांगावा आणि पोऱ्यानं मिसळ आणून आदळावी, तर अण्णा मिसळ खाणार. "आलीय तर खाऊ." मी एवढी वर्षं त्यांच्याबरोबर त्या हॉटेलात जातोय, दर वेळी ते मसाला डोसा मागवतात आणि त्यांच्या पुढ्यात डोसा सोडून बाकी सगळं येऊन गेलंय, एकदा तर शेजारच्या टेबलाचा अर्धा प्यालेला चहासुद्धा आला होता. न्हाव्यानं एकदा गप्पांच्या नादात त्यांची अर्धी मिशी उडवली. दुसऱ्या कुणी त्याचं दुकान डोक्यावर घेतलं असतं. अण्णांनी उरलेली अर्धीही काढायला सांगितली आणि वर त्याचीच समजूत घातली. नांदेडला यायला निघाले की जी गाडी आधी लागेल तीत बसतात. ती देगलूरला जाते असं पुढं कळलं, तर म्हणतात, "तिथून मिळंल की नांदेडची." मिळते, नाही असं नाही. पण आम्ही इकडं ताटं मांडून बसलेले असतो त्याचं काय!

'भागतंय की' हा शब्द त्यांच्या तोंडी पहिल्यांदा कधी आला ते अक्का सांगतात. अण्णा त्यांना बघायला आले होते. अक्कांच्या हातून पोह्यात मीठ दुप्पट पडलं. अण्णांच्या काकांनी पहिला घास घेतला आणि पाण्याचा तांब्या मागितला. मामांनी बशी खाली ठेवली. अक्का दाराआड उभ्या राहून रडकुंडीला आलेल्या. आणि हा पाहुणा मात्र मान खाली घालून बशी चाटूनपुसून रिकामी करतोय! कुणी तरी विचारलं, "कसे झालेत पोहे?" तर म्हणाले, "भागतंय की." अक्का म्हणतात, "मला वाटलं, बाई, किती समजूतदार माणूस! मला काय ठाव, ह्येंचं सगळ्यातच भागतंय म्हणून."

तर अशा माणसाला सुधारावं असं माझ्या मनात आलं, म्हणजे बघा माझी बुद्धी. निमित्त त्यांच्या मुलीचं. ती पुण्याला नोकरी करते आणि बापानं बदलावं म्हणून रोज सकाळी त्यांच्या फोनवर 'उठा, आजच आयुष्य बदला' अशा थाटाचे संदेश धाडते. अण्णा ते पहाटे पाचला उठून सगळ्या नातेवाइकांना पुढं पाठवतात आणि पुन्हा झोपतात. आम्ही सगळे त्या आवाजानं जागे होतो ते होतोच. त्यामुळं नांदेडला एका मोठ्या व्याख्यात्याचा कार्यक्रम लागला तेव्हा मी अण्णांना मुद्दाम बोलावून घेतलं. भर मे महिन्यात कोट घातलेला तो गृहस्थ व्यासपीठावर इकडून तिकडं धावत होता. मध्येच थांबून तो ओरडला, "ज्याला ज्याला आयुष्य बदलायचंय, त्यानं आत्ताच्या आत्ता उभं राहावं!" सगळं सभागृह एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलं, आणि एकच माणूस ताडकन उठला. आमचे अण्णा! माझ्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. व्याख्याता खाली धावत आला, माइक पुढं करून म्हणाला, "काका, सांगा सगळ्यांना, कशामुळं उठावंसं वाटलं?" अण्णा म्हणाले, "खुर्चीची पट्टी टोचूलालती."

पण तो व्याख्याता कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो लगेच सभागृहाकडं वळून गरजला, "ऐकलंत? खुर्ची टोचल्याशिवाय माणूस उठत नाही!" टाळ्यांचा नुसता कडकडाट. अण्णांच्या खांद्यावर शाल पडली, फोटो निघाला. नंतर ते त्याच खुर्चीवर शाल घडी घालून बसले आणि उरलेला कार्यक्रम शांत झोपले. ती शाल लातूरला त्यांच्या फुटक्या खिडकीत बोळा करून कोंबलेली होती. थंडी अजिबात येत नाही म्हणाले.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो. पण एक गोष्ट अशी होती की तिच्यावर अक्का कधीच हसल्या नाहीत, ती म्हणजे येळवस. मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. पुण्या-मुंबईच्या लोकांना ती ठाऊक नसते, हे त्यांचं दुर्दैव. त्या दिवशी आमच्याकडं जो तो शेतात जातो. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडून पुजायचे, पाचपंचवीस शेंगा-पाल्यांची पळीवाढी भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि मडक्यातली आंबट ताकाची आंबील. घरच्या धन्यानं ते आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन शेतात यायचं. ज्याला शेत नाही तो ज्याला आहे त्याच्याकडं जातो, आणि बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही ओढून जेवायला बसवतात. लातूर शहर त्या दिवशी इतकं रिकामं होतं की चोरालासुद्धा करमत नाही. तोही कुणाच्या तरी शेतात भज्जी ओरपत असतो.

आता अण्णांना शेत होतं. शिरूर अनंतपाळच्या बाजूला, वडिलांच्या वाटणीतलं, चांगलं काळं रान. वडील गेल्यावर चुलतभाऊ म्हणाला, "मी बगू का?" अण्णा म्हणाले, "बग." त्यानं ते कुणाला तरी बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, लावून दिलं, आणि दरवर्षी तुरीचं एक पोतं कुणाच्या तरी जीपमधून लातूरला यायला लागलं. ते पोतं दारात पडलं की अण्णांना आपल्याला शेत असल्याचं आठवायचं. तूर संपली की विसरायचं, आणि तिकडं पाऊल टाकून तर त्यांना उभा जमाना लोटला होता. अक्का त्या शेतात एकदाच गेलेल्या, नवी नवरी असताना, पहिल्या येळवसेला. विहिरीच्या काठावर एक चिंच आडवी वाकलेली होती, तिच्या बुंध्यावर बसवून सासूबाईंनी त्यांची ओटी भरली होती. तेव्हापासून त्यांचं एकच मागणं: आपली आंबील आपल्या शेतात जावी. सोनंनाणं नको, काशी-रामेश्वर नको, एवढंच. दर वर्षी अक्का म्हणायच्या, "औंदा तरी जाऊ की आपल्या रानात." आणि अण्णा म्हणायचे, "कुणाच्याबी शेतात पी, आंबील आंबटच लागती. तिकडं थेट गाडी न्हाई, चुलत्याच्या पोराला कशाला तरास? भागतंय की." मग कुणाच्या तरी शेतात पाहुणे म्हणून जायचं, वाढेल ते खायचं आणि "लई छान झालंय" म्हणत परत यायचं. जमिनीच्या मालकानं वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या बांधावर पत्रावळ धरून बसायचं, ही गोष्ट फक्त आमच्या अण्णांनाच जमू शकते.

दोन येळवसांमागं आम्ही नवरा-बायको लातूरला गेलो होतो. अण्णांच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्यानं शेतात बोलावलं होतं. सकाळी निघताना माझ्या लक्षात आलं की अक्का त्या वर्षी काहीच बोलल्या नाहीत. ना आपलं रान, ना आपली आंबील. नुसतं जुनं लुगडं नेसल्या, पाण्याची बाटली घेतली आणि गाडीत बसल्या. बायको माझ्या कानाशी म्हणाली, "अक्कानं मागायचं सोडलं बघा." मी म्हटलं, बरं झालं, दरवर्षीची कटकट मिटली. माझी अक्कल तेवढीच.

गाडी मी चालवत होतो आणि रस्ता फोन सांगत होता. नव्या रुंद रस्त्यानं जुन्या गाडीवाटा मधोमध कापून टाकलेल्या, कुठं वळायचं काही कळेना. पुढं फोनही मुका झाला. मी भूगोलाचा शिक्षक, सूर्याकडं बघून छातीठोक सांगितलं, "इकडंच पूर्व." आणि गाडी एका पांदीत घातली. तोच समोरच्या बांधावरून एक उंचसा शेतकरी दोन्ही हात हलवत ओरडला, "या, या! इकडं या! गाडी लिंबाखाली लावा!" आम्हाला वाटलं, हाच सहकाऱ्याचा भाऊ. त्याला वाटलं, आले असतील कुणी तरी. येळवसेला याच्यापुढं कुणी चौकशी करत नाही. कोपीपाशी घोंगडं अंथरलेलं होतं. त्याच्या बायकोनं पत्रावळ्या मांडल्या, भज्जी वाढली. चारी बाजूंनी हरभरा नुसता डोलत होता. अण्णा तर रंगातच आले. "ह्याला म्हणत्यात रान! बगा सर, माती कशी लोण्यावानी हाय!" अक्का हात धुवायला विहिरीकडं गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा खाली मान घालून जेवायला बसल्या. मला वाटलं गुडघा दुखत असेल.

आमचं जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा अण्णांचा फोन वाजला. सहकारी विचारत होता, "अहो, कुठं आहात? आम्ही थांबलोय." अण्णा म्हणाले, "जेवूलालोय की!" तो म्हणाला, "कुणाकडं?" अण्णांनी भज्जीचा घास तसाच धरून माझ्याकडं पाहिलं, मी बायकोकडं पाहिलं. त्या शेतकऱ्याला सगळा घोटाळा सांगितला तर तो पोट धरधरून हसला. "आज कुणाचं कुणाकडं काय! बसा निवांत." मग बोलायचं म्हणून मी विचारलं, "शेत तुमचंच का?"

"न्हाई हो. बटईनं हाय. मालक लातूरला असतो, सरकारी हापिसात. आमी त्येला कधी बगितलं न्हाई. पर माणूस लई चांगला. येत न्हाई, जात न्हाई, पुसत न्हाई. असा मालक मिळायला नशीब लागतंय."

"नाव काय म्हणालाव मालकाचं?" अण्णांनी विचारलं.

त्यानं नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आडनावापर्यंत. ते आमच्या अण्णांचं नाव होतं.

मला ठसका लागला. तो शेतकरी आपल्याच नादात होता आणि त्याची बायको खीर वाढत पुढं बोलत होती. "मला इचाराल तर त्यो मालक कवाच वारला असंल. चुलतभाऊच त्येच्या नावानं कारभार करत असंल. जित्ता माणूस असा ऱ्हातोय का, आपल्या रानाला एकदाबी न बगता?" नवरा खेकसला, "सणाचं काय बोलूलालीस!" ती म्हणाली, "खोटं हाय का? म्हणून तर दरसाली त्येच्या नावानं एक पान वाढून बाजूला ठिवतो, आन सांजच्याला गाईला घालतो. आज पाव्हणं आलं, पत्रावळ्या कमी पडल्या, तर तेच पान ह्या दादाला दिलं बगा." आणि तिनं अण्णांच्या पुढ्यातल्या पत्रावळीकडं बोट दाखवलं.

अण्णा त्या पानाकडं बघत राहिले. मला वाटलं आता बोलतील, आता तरी तोंड उघडतील. पण सवय कुठं जाते! त्यांनी स्वतःच्या नावानं काढलेलं ते पान स्वच्छ संपवलं, हात जोडले आणि म्हणाले, "भज्जी चांगली झाली होती." एवढंच. निघताना त्या बाईनं अक्कांच्या ओटीत हरभऱ्याचे डहाळे घातले. अक्कांनी ते आपल्याच रानातले डहाळे डोक्याला लावून घेतले आणि गाडीत बसल्या.

परतीच्या वाटेवर अण्णांनी मागं न बघताच विचारलं, "तुला कळलं होतं?"

"व्हय," अक्का म्हणाल्या. "चिंच बगितली तवाच."

"मग बोलली का न्हाईस?"

अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. "काय बोलायचं? भागतंय की."

आजवर तो शब्द मी अण्णांच्याच तोंडून ऐकला होता, आणि दर वेळी हसलो होतो. अक्कांच्या तोंडी तो इतका वाईट लागेल असं कधी वाटलं नव्हतं. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता, काहीसुद्धा नव्हतं. माझ्या शेजारी अण्णा सीटवर एकदम सरकून बसले. नांदेडच्या सभागृहातला तो कोटवाला माणूस मला आठवला. खुर्ची टोचली होती.

आता दुसऱ्या दिवशी अण्णा पहाटे उठून पळायला गेले असं मी सांगितलं, तर त्यांच्या मुलीला फार आनंद होईल. पण तसं काही झालं नाही. बऱ्याच दिवसांनी अक्कांचा फोन आला, आवाज घाबरलेला. "सर, ह्येंनी वायरमन बोलावलाय. काय झालंय ह्येंला कळंना. दवाखान्यात न्यावं का?" पंखा बटणावर सुरू झाला तेव्हा घरातली माणसं दचकली म्हणे. अक्कांनी सवयीनं तुराटी उचलून ढोसली, ती पात्यात अडकून तिचे तुकडे सगळ्या बैठकीत उडाले. पाठोपाठ न्हाणीघराचं दार झालं, फाटकाला कडी लागली. घड्याळ दुरुस्त झालं, पण मनात जुना हिशेब बसलेला. अण्णा रोज कचेरी उघडायच्या आधी जाऊन पायरीवर बसायला लागले. खिडकीला काच आली आणि शाल धुऊन कपाटात गेली. मी लातूरला गेलो तेव्हा मला मुद्दाम त्या हॉटेलात घेऊन गेले. पोऱ्यानं उत्तप्पा आणून ठेवला. अण्णांनी ताटाकडं बघितलं, कपाळावरचा घाम पुसला, आणि कोर्टात साक्ष द्यावी तशा कापऱ्या आवाजात म्हणाले, "मी... मसाला डोसा सांगितला होता." पोऱ्या आ वासून बघत राहिला. गल्ल्यावरचा मालक उठून आला, म्हणाला, "काका, घरी सगळं ठीक हाय ना?" डोसा आला. अण्णांनी दोन घास खाल्ले आणि हळूच मला म्हणाले, "सर, मिसळच बरी करत्यात हे."

पण हे सगळं सोपं होतं. अवघड होतं ते शेतात परत जाणं. ते एकटेच गेले, दोन गाड्या बदलून, पुढं पायी. तिथं काय झालं ते त्यांनीच मला सांगितलं. शेतकऱ्यानं ओळखलं, "या पाव्हणं, परत वाट चुकलाव का?" अण्णा म्हणाले, "व्हय. लई वर्सं चुकलो होतो," आणि आपलं नाव सांगितलं. त्या बिचाऱ्याचा चेहरा खाडकन उतरला. मालक आला म्हणजे रान गेलं, दुसरं काय वाटणार? बायको तर पदर तोंडाला लावून मटकन खालीच बसली. जित्या माणसाला त्याच्या तोंडावर मेलेला म्हणाली होती ना! अण्णा म्हणाले, "रान तुमीच करा. मला नांगर धरता येत न्हाई आन ह्या वयात शिकायचा बी न्हाई. येळवसेला माझी मंडळी आंबील घेऊन यील, तेवढी जागा द्या." त्यावर ती बाई उठून म्हणाली, "आवो, आपल्या रानात यायला कुणी जागा मागतंय व्हय?" हे मला सांगताना अण्णांनी चष्मा दोनदा पुसला. चष्म्याची काडी अजून दोऱ्यानंच बांधलेली होती. सगळंच काही बदललं नव्हतं.

आणि गेल्या येळवसेला आम्ही गेलो. अक्का आदल्या दिवसापासून जमिनीवर नव्हत्या. आंबिलीच्या मडक्याला चुना-काव लावून झाली, भज्जीला किती शेंगा सोलल्या त्याला गणती नाही. सगळं घरून त्यांनीच करून नेलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पांदीच्या तोंडाशी गाडी थांबवायला लावून अण्णा उतरले, खांद्यावर घोंगडं टाकलं आणि मडकं डोक्यावर घेतलं. टक्कल, चष्म्याला दोरा, कचेरीतली विजार, डोक्यावर आंबील, ओघळ कानामागून सदऱ्यात उतरतोय. ध्यान बघण्यासारखं होतं. मी तोंड दाबून हसत होतो. पण ज्वारीवर आंबील शिंपडत ते "वलगे वलगे, सालम पलगे" ही येळवसेची पिढीजात आरोळी द्यायला लागले, तेव्हा माझं हसू कुठं गेलं मलाच कळलं नाही. मागून तो शेतकरी ओरडला, त्याची बायको ओरडली, माझी बायको ओरडली, मीही ओरडलो. अक्का तेवढ्या त्या वाकलेल्या चिंचेच्या बुंध्यावर, ओटी भरली होती तिथंच, जाऊन बसल्या होत्या.

मग पंगत बसली. जाणाऱ्या-येणाऱ्याला अण्णा बांधावरून ओढून आणत होते. एक ट्रॅक्टरवाला तर जेवून आलेला होता, त्यालाही सोडलं नाही. अक्का वाढत होत्या. मी पहिला घास घेतला आणि माझ्या डोळ्यांपुढं तारे चमकले. भज्जीत मीठ दुप्पट झालं होतं. आनंदाच्या भरात दोनदा पडलं असणार. मी बायकोला पायानं ढोसलं, तिनं डोळ्यांनीच दटावलं. शेतकरी पाण्याचा तांब्या शोधायला लागला. अक्का पळी हातात धरून अण्णांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कशी झालीय?"

अण्णांनी घास चावला. गिळला. वर अक्कांकडं पाहिलं. मला ते दोन शब्द त्यांच्या ओठांवर दिसत होते.

"खारट झालीय," ते म्हणाले.

अक्का बघतच राहिल्या. सगळ्या संसारात त्या माणसानं त्यांच्या हातच्या कशालाही कधी नाव ठेवलं नव्हतं. पळी तशीच हातात, भज्जी टपटप गळतेय. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "आन... त्या दिवशीचं पोहं?"

"ते तर लईच खारट होतं गं," अण्णा म्हणाले.

अक्का हसायला लागल्या. हसता हसता चिंचेला टेकल्या, पदरानं डोळे पुसले, परत हसल्या. "येवढी वर्सं लागली व्हय तुम्हाला सांगायला!" म्हणाल्या. अण्णांनी पत्रावळ पुढं सरकवली आणि म्हणाले, "वाढ आणखी."

अक्कांनी वाढली, आणि अण्णांनी ती सगळी खाल्ली.